शिवणीबाहेर

परतवाड्यात, लाकडाच्या डेपोच्या भिंतीला लागून
माझं दुकान. शिकंजा, दोन दाभणं, मेणाचा गोळा,
खळीचं भगुणं. खळीत मोरचूद घालावंच लागतं,
नाहीतर रात्रीतून पुस्तकाची पाठ खातात झुरळं.

एस्तेर कास्देकर गुरुवारी आली, धारणीच्या एसटीनं,
ओढणीत दोन गठ्ठे बांधून.
एक काळं, जाड, कडांचं सोनं उडालेलं,
मागून वाळवी लागलेलं.
दुसरी दोनशे पानी वही,
पुठ्ठ्यामागे छापील पाढे, एकोणतीसपर्यंत शाबूत.
"दोनी एकाच पुठ्ठ्यात बांधून द्या जी."

वही तिच्या आत्याची, रूथबाईची.
कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं पट्ट्या बदलल्या तिनं,
आणि रात्री लिहिलं, कोण काय मागत होतं देवाजवळ.
खाट अकरा : बोटं नको देऊ बाप्पा, खाजवता आलं तरी पुरे.
खाट चार : काल प्रभू पडवीत बसून होता,
त्यालेबी झोप नव्हती.
मधेच आयोडीनचा हिशोब. मधेच एक सबंध पान कोरं,
वर फक्त तारीख.

पाळकसाहेब तिला म्हणाले होते, वही चांगली आहे,
घरी वाच. व्यासपीठावरून नको.
शास्त्र पूर्ण झालंय, शेवटच्या पानावर ताकीद आहे.

मी चष्मा लावून पाहिलं. ताकीद आहे खरी.
पण माझं पोट शिवणीवर, म्हणून विचारलं,
"हे लिहिलं तवा बाकीचे फर्मे याले शिवले होते काय?"
"नाई जी. सुट्या गुंडाळ्या होत्या साऱ्या."
"मंग शिवलं कोनं?"
"बसले लोकं. भांडले. लई वर्सं लागले."
"अन् उरलं ते?"
ती चहाची बशी फुंकत राहिली.
"मिशनच्या सिस्टर लोकायच्या पुस्तकात सात जास्त हायत,
आमच्यात नाई. अन् आतल्याच एका बारक्या चिठ्ठीत
बाहेरच्या पुस्तकाचा दाखला हाय. पाळकबी मानतात."
मग हळूच :
"माया नावाचं पुस्तक आत हाय, काका.
देवाचं नाव नाई त्यात एकदाबी.
आत्याच्या वहीत ओळीओळीले हाय."

आम्ही महानुभाव. घरी एक पोथी आहे, सांकेतिक लिपीत.
बाबांना वाचता यायची. बाबा गेले, अक्षरं मिटली.
आजही फडकं सोडतो, कपाळाला लावतो, परत बांधतो.
न वाचलेल्याचा इतका धाक कशाचा,
हे मला सांगता येत नाही. तिलाही सांगितलं नाही.

रात्री दोन्ही शिकंजात धरून पाहिलं.
मापच जमेना. वही चार बोटं रुंद.
शास्त्राच्या मापानं कापायची तर
प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द जाणार :
खाट अकराचं "पुरे" जाणार,
खाट चारची "नव्हती" जाणार,
म्हणजे प्रभू झोपी गेला असं होणार.
पातं वर केलं ते वरच राहू दिलं.

वेगळीच बांधली. कापड एकाच ताग्यातलं,
खळ एकाच भगुण्यातली. दोरा मात्र
शास्त्र शिवून झाल्यावर तोडला नाही,
तसाच वहीत नेला.
दोघांच्या मधे वीतभर मोकळा लोंबत होता.
धंद्यात याला चूक म्हणतात.

पुढच्या गुरुवारी आली. वही हुंगली,
म्हणाली, दवाखान्याचा वास गेला.
मग दोरा दिसला तिला. मी कात्री पुढे सरकवली,
तिनं हात लावला नाही.
बटव्याची गाठ सोडत उभी राहिली, आणि विचारलं,
"पैसे एकाचे द्यू का दोनाचे?"

एसटीनं हॉर्न दिला.
मी अजून आकडा सांगितलेला नाही.